आधी तारीख सांगा

आमच्या पंचवटीतल्या घरात मांजरं बरीच वर्षं आहेत, म्हणून मला हा प्रश्न हमखास येतो: "अहो, आमची मनी पोटुशी दिसतेय, तिला खायला काय घालू?" प्रश्न नेहमी खाण्याचाच. गल्लीतल्या एक काकू तर डिंकाचा लाडू कुस्करून घालू का, असं विचारून गेल्या. (काकू, लाडू तुम्हीच खा.) मी उलट विचारते, तारीख काय?

मांजर साधारण ६३ ते ६७ दिवसांनी विते. दिवस मोजता आले तर खाणं, डॉक्टर, खोकं, रात्रीची जागरणं सगळं त्यावर बसवता येतं. माजावर आलेली मांजर काही लपत नाही. रात्रभर ओरडते, फरशीवर लोळते, पाठीला हात लावला की शेपूट बाजूला घेते. अशात ती बाहेर जाऊन आली असेल, तर तो दिवस कालनिर्णयावर लिहून ठेवायचा, गॅस लावल्याची तारीख लिहितो तिथेच. दिवस हुकला असेल तर तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास आचळं गुलाबी आणि टपोरी दिसायला लागतात, तिथून मागे मोजा. चौथ्या आठवड्यात डॉक्टर पोट चाचपून किंवा सोनोग्राफी करून सांगतात. घरी आपण पोट दाबून बघायचं नाही, आत पिल्लांना इजा होऊ शकते.

४५ दिवसांनंतर एक्स-रे काढला तर पिल्लं मोजता येतात. "मोजून काय करायचंय?" असं बरेच जण म्हणतात. पण तीन पिल्लं होऊन मांजर शांत झोपली आणि एक्स-रेत चार दिसली होती, तर आज रात्री झोपायचं नाही हे तुम्हाला कळतं. मी तरी त्या खर्चात कधी हात आखडत नाही.

आता खाणं. पहिला महिना विशेष काही बदलायचं नाही. पुढे पोटात जागा कमी होते, म्हणून थोडं थोडं, पण जास्त वेळा द्यायचं. मांजरीच्या पिल्लांसाठी मिळतं ते तयार खाद्य या दिवसांत आईलाही चालतं, कारण त्यात प्रथिनं आणि ताकद जास्त असते. घरचं द्यायचं तर उकडलेलं चिकन, मीठ-कांदा-लसूण काही न घालता. दूध-पोळीवर मात्र माझा राग आहे. बहुतेक मोठ्या मांजरांना दूध पचत नाही, जुलाब होतात. शिवाय मांजरीला टॉरिन नावाचा घटक मांस-मासळीतूनच मिळतो, आणि तो कमी पडला तर गर्भ पोटातच जिरू शकतो किंवा पडतो. ज्या घरात मांस-मासे येत नाहीत त्यांनी तयार खाद्य आणावं. कॅल्शियमची पावडर आपल्या मनाने सुरू करू नका. आधी जास्त दिलं तर पिल्लं अंगावर पिताना आईला झटके येण्याचा धोका उलट वाढतो. आणि अंग तापलं म्हणून पॅरासिटामॉल कधीच नाही. मांजरीला ते विष आहे.

एका ओळखीच्या घरी मुलगी बाळंतपणाला माहेरी आली आणि मांजरही तेव्हाच पोटुशी. सगळे म्हणाले, मांजर हाकला. गरज नव्हती. टोक्सोप्लाझ्मा या पोटातल्या बाळाला धोका करू शकणाऱ्या जंतूची भीती असते ती मांजरीच्या विष्ठेतून, आणि तीही बाहेर पडल्यावर किमान एक दिवस गेला की मग लागण करू शकते. मुलीने ट्रेला हात लावायचा नाही, दुसऱ्या कुणीतरी तो रोजच्या रोज साफ करायचा, मांजरीला कच्चं मांस द्यायचं नाही. घरात मटण नीट शिजवणं आणि भाजी धुणं हेही तितकंच महत्त्वाचं.

दिवस भरायच्या दोन आठवडे आधी खोकं मांडा, म्हणजे तिला सवय होईल. द्राक्षाची पेटी लहान पडते. टोमॅटोची जाळी मापाने बरी, पण आतून पुठ्ठा लावल्याशिवाय नको, पिल्लांचे पाय भोकांत अडकतात. खाली जुनी सुती साडी. आमच्या एका मांजरीचे दिवस रंगपंचमीलाच भरत होते. शनी चौकातली रहाड, म्हणजे रंगपंचमीला लोक उड्या मारतात तो रंगाच्या पाण्याचा हौद, आमच्यापासून लांब नाही, त्यामुळे तो गोंगाट धरून खोकं आधीच आतल्या खोलीत हलवलं. थंडीत मात्र भिंतीपासून लांब ठेवा. पहिला आठवडा पिल्लांना स्वतःची ऊब धरता येत नाही, आणि गार पडलेल्या पिल्लाला आधी ऊब द्यायची, मग दूध.

आदल्या दिवशी मांजर जेवण टाकते, खोक्यात उकरत बसते. एरवी १०१-१०२ फॅरेनहाइट असणारं अंग १०० च्या खाली उतरतं. कळा सुरू झाल्या की बहुतेक वेळा आपलं काम फक्त लांबून बघण्याचं. पिशवी ती स्वतः फाडते, नाळ तोडते, वारही खाते, खाऊ द्या. जोराच्या कळा देऊन २०-३० मिनिटांत पिल्लू आलं नाही, हिरवट स्राव आला आणि मागून पिल्लू नाही, रक्त थांबेना, किंवा ७० दिवस उलटूनही काहीच नाही, तर थेट डॉक्टर. रात्री फोन उचलणारे डॉक्टर कोण, हे आधीच विचारून ठेवायचं. पंचवटीकरांनी तर काळाराम मंदिराचा रथ कधी निघतो तेही बघून ठेवावं, त्या दिवशी इथून गाडी काढणं सोपं नसतं.

पिल्लं झाली की मांजर त्यांना सात घरं फिरवते, असं माझ्या सासूबाई म्हणतात. सात मी कधी मोजली नाहीत, पण हलवते हे खरं. शेजारच्या पोरांनी डोकावून डोकावून बेजार केलं, खोकं घाण झालं, की ती मानेला धरून निघालीच. पहिले काही दिवस पाहुण्यांना खोलीत नेऊ नका. पिल्लांचं वजन मात्र स्वयंपाकघरातल्या काट्यावर रोज बघा. जन्मतः १०० ग्रॅमच्या आसपास असतं आणि दिवसाला १० ग्रॅम तरी वाढायला हवं. डोळे साधारण सात ते चौदा दिवसांत उघडतात. आठ आठवड्यांच्या आत पिल्लू कुणाला देऊ नका, कितीही गळ घातली तरी.

एवढ्यात बोका गच्चीवर परत दिसायला लागतो. पिल्लं अंगावर पीत असताना मांजर गाभण राहत नाही हा समज चुकीचा आहे, राहते. तिला घरातच ठेवा आणि पिल्लांचं दूध सुटलं की डॉक्टरांना विचारून ऑपरेशन करून घ्या. यावर पुढचा प्रश्न ठरलेला: "पण एकदा तरी पिल्लं होऊ द्यावीत ना, तिच्या तब्येतीसाठी?" तशी काही गरज नसते. पहिल्या माजाच्या आधीही ऑपरेशन करता येतं, आणि पुढे आचळांच्या गाठींचा धोका त्याने कमीच होतो.