सहा महिन्यांची नोंद: कमळ बस्तीचं छत आणि रात्रीची कुस्ती

सेकंडहँड घेतलेल्या ऑलिंपस ओएम-डी ई-एम१० मार्क टू या कॅमेऱ्याला या महिन्यात सहा महिने झाले. २०१५ चं मॉडेल, १६ मेगापिक्सेल, बॅटरी आणि कार्डासकट जेमतेम ३९० ग्रॅम. सोबत १४-४२ मिमीची चपटी किट लेन्स आणि भरपूर उजेड आत घेणारी ४५ मिमी एफ/१.८ लेन्स. आधीच्या जड डीएसएलआर कॅमेऱ्याची पिशवी रविवारीच खांद्यावर चढायची. हा रोज डब्याशेजारी असतो.

बेळगावच्या किल्ल्यातली कमळ बस्ती, म्हणजे जैन मंदिर, लहानपणापासून बघतोय. १२०४ सालची, रट्ट राजांच्या काळातली. मंडपाच्या छतातून दगडी कमळ खाली उमललेलं. आत उजेड कमी, ट्रायपॉड नेलेला नव्हता. मांडी घातली, कोपरं गुडघ्यांवर टेकवली, लेन्स सरळ वर केली. कॅमेऱ्याचा माथा माझ्याकडे वळवून स्क्रीन बाहेर ओढली, म्हणजे मान न मोडता फ्रेम दिसते. १४ मिमी, एफ/३.५, आयएसओ (सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता) ८००, शटर १/४ सेकंद. अर्धा श्वास सोडून बटण दाबायचं. पाचातले तीन फोटो लख्ख आले, पाकळीच्या कडेवरचा छिन्नीचा घाव दिसतो इतके. बॉडीतलं फाइव्ह-अ‍ॅक्सिस स्टॅबिलायझेशन, म्हणजे हाताचा कंप सावरणारी सोय, काय चीज आहे, ते मला त्या दिवशी कळलं.

शेजारी एक आजोबा थांबले. "काय करायलास रे खाली बसून?" स्क्रीन दाखवली. ते वर बघत राहिले. "एवढं बारीक कोरलंय व्हय!"

त्याच भरवशावर रात्रीच्या कुस्तीला गेलो आणि तिथं फसलो. शटरची खटखट नको म्हणून सायलेंट शटर लावलं, १/५०० ठेवलं. घरी येऊन बघतो तर प्रत्येक फोटोवर आडवे काळे पट्टे. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून तिथले एलईडी सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होत होते. सायलेंट शटर सेन्सर ओळीओळीनं वाचतं, त्यामुळे काही ओळी उजेडात, काही अंधारात.

पुढच्या मैदानाला मेकॅनिकल शटर, १/१००, ४५ मिमी लेन्स एफ/१.८ ला पूर्ण उघडी. तेवढ्या वेळात उजेडाचा एक पूर्ण चढउतार मावतो, म्हणून पट्टे गेले. पण धोबीपछाड मारताना पैलवान पुसट होतोच. स्टॅबिलायझेशन माझा हात थांबवतं, त्याचा पाय नाही. म्हणून मी डाव टिपायचं सोडलंय. खडाखडीत दोघं डोक्याला डोकं लावून रेटतात, मानेच्या शिरा ताठ होतात आणि क्षणभर कोणीच हलत नाही. तो क्षण १/१०० ला पुरतो. या खेपेला चाळीसमधून सहा ठेवले, आणि एकात पाठीवर चिकटलेली लाल माती कणाकणानं दिसते.

आता २५ मिमी एफ/१.८ शोधतोय. मिळाली की पावसाळ्याआधी हलशीला, भूवराह नरसिंहाच्या देवळात. तिथल्या गाभाऱ्याबाहेरच्या उजेडात कोणी १/८ ला हातानं काढलं असेल तर आयएसओ किती ठेवला ते सांगा.