प्रोजेक्टरवर अर्धीच स्क्रीन

रविवार, रात्रीचे साडेअकरा

आज लिनक्सवाल्यांची, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी ही मोफत सिस्टिम वापरणाऱ्यांची मीटिंग होती, नाशिकला कॉलेज रोडला एका मित्राच्या क्लासच्या हॉलमध्ये. पंधराएक जण असू, त्यातले तिघंचौघं सकाळी मिसळ हाणून आलेले त्यामुळे डोळे मिटत होते. विषय एकच, आपापला डेस्कटॉप दाखवायचा, प्रत्येकी दहा मिनिटं. मी दोन आठवडे याचीच तयारी करत होतो, खोटं कशाला बोलू, ऑफिसमधून आल्यावर जेवायच्या आधी बारचे, म्हणजे स्क्रीनवरच्या माहितीच्या पट्टीचे, रंग बदलत बसायचो.

पहिला नंबर केडीईवाल्या पोराचा, केडीई म्हणजे लिनक्सवरचा एक तयार डेस्कटॉप. त्याने आल्या आल्या क्यूब फिरवला, तोच तो, चार डेस्कटॉप ठोकळ्याच्या चार बाजूंना आणि माऊसने गरागरा. मधे केडीईने तो काढून टाकला होता, २०२४ ला प्लाझ्मा ६ हे त्यांचं नवं व्हर्जन आलं तेव्हा परत आणला. टाळ्या पडल्या. मग केडीई कनेक्ट दाखवायला गेला, म्हणजे फोनची नोटिफिकेशन लॅपटॉपवर येतात ते, आणि बरोबर त्याच वेळी घरून मेसेज आला की येताना कोथिंबीर आण, जुडी बघून घे. पाच फूट रुंद अक्षरात. आजचा सगळ्यात चांगला डेमो हाच होता असं माझं मत आहे.

मग मी. माझं आयथ्री आहे, प्रोसेसर नव्हे, खिडक्या मांडणारा प्रोग्राम, म्हणजे खिडक्या आपोआप शेजारी शेजारी बसतात, माऊस लागत नाही, सगळं कीबोर्डवर. केबल लावली. काहीच नाही. आयथ्रीमध्ये केबल लावली म्हणून आपोआप काही होत नाही, एक्सरँडर नावाच्या स्क्रीन जुळवणाऱ्या प्रोग्रामला सांगावं लागतं, हे मला माहीत होतं आणि कमांड पाठ होती. टाइप केली, एरर. परत केली, परत एरर. मागून कोणीतरी म्हणालं "वेलँड घे ना भाऊ", म्हणजे स्क्रीन चालवायची नवी पद्धत, म्हटलं थांब जरा. पूर्वी इंटेलचा वेगळा ड्रायव्हर होता तेव्हा त्या पोर्टचं नाव एचडीएमआय१ होतं, मग मीच हौसेने मॉडसेटिंग या दुसऱ्या ड्रायव्हरवर गेलो आणि नावात मधे एक डॅश आला, आणि मी जुन्याच नावाने हाका मारतोय. तो डॅश सापडायला चार मिनिटं, दहातली.

एकदाची स्क्रीन आली, पण प्रोजेक्टर जुना, १०२४ बाय ७६८, माझी स्क्रीन १९२० बाय १०८०, त्यामुळे भिंतीवर फक्त डावीकडचा वरचा तुकडा. घड्याळ, बॅटरी, आणि दोन आठवडे खपून केलेला नाशिकच्या तापमानाचा आकडा, सगळं भिंतीच्या बाहेर. मी तोंडाने सांगत होतो की इथे उजवीकडे असं असं आहे.

पुढच्या रांगेत एक ताई होत्या, शिक्षिका, पहिल्यांदाच आलेल्या. ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे अपडेट बंद झाले आणि त्यांचा लॅपटॉप ११ घेत नाही, म्हणून आल्या होत्या. त्यांनी हात वर केला. "सर, पण यावर तुम्ही काम काय करता?"

टोमणा नव्हता हो, खरंच विचारत होत्या. आणि मी काय म्हणालो तर "म्हणजे, सगळंच". उघडं काय होतं तर तीन टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडक्या, एकात सिस्टिमची माहिती, एकात कॉन्फिग फाइल, एकात त्या फाइलचा गिट लॉग, म्हणजे तिच्यात केलेल्या बदलांची यादी.

शेवटी एक काका, सातपूरच्या कंपनीतून रिटायर झालेले. लॅपटॉप जुना, चार जीबीचा, त्यावर माटे हा डेस्कटॉप. २०११ ला ग्नोम या दुसऱ्या डेस्कटॉपचं नवं व्हर्जन ग्नोम ३ आल्यावर जुनं ग्नोम २ ज्यांना हवं होतं त्यांच्यासाठी निघालेलं ते, नाव दक्षिण अमेरिकेतल्या चहासारख्या पेयाच्या झाडावरून, हे काकांनीच सांगितलं. वॉलपेपर सुद्धा बदललेला नव्हता. थेट सोसायटीच्या मीटिंगचं इतिवृत्त उघडलं आणि लिहायला लागले, इनस्क्रिप्ट या देवनागरी कीबोर्डमध्ये, कॅप्स लॉक दाबला की मराठी, परत दाबला की इंग्रजी. "पाण्याच्या मोटारीच्या दुरुस्तीची जबाबदारी पदाधिकाऱ्यांकडे". तो आडवा ऱ्य कसा काढला असं मी विचारलं, कारण मला आजपर्यंत कुठूनतरी कॉपी करावा लागायचा. शिफ्ट दाबून जे, मग डी, मग य. बस. मग दाखवलं की साधा र घेऊन डी दाबलं तर "दऱ्या" चं "दर्या" होतं. ताईंनी वहीत लिहून घेतलं, मीही घेतलं, वहीत नाही, हातावर.

नंतर चहाला ताई काकांच्याच शेजारी बसल्या, साहजिक आहे.

घरी येऊन जेवलो आणि लगेच बसलो. एक छोटी स्क्रिप्ट केली, जो पोर्ट जोडलेला असेल त्याचं नाव स्वतःच शोधेल आणि दोन्ही स्क्रीनला जमेल असं रिझोल्यूशन घेईल, आणि ती मॉड-पी ला, म्हणजे आयथ्रीचं मॉड बटण आणि पी एकत्र दाबण्याला, बांधली. घरी प्रोजेक्टर कुठून असणार, म्हणून टीव्हीला केबल लावली. लागली एका झटक्यात. फक्त टीव्ही चारी बाजूंनी थोडं थोडं कापतो, त्यामुळे बारची वरची कड परत गायब.

आई म्हणाली, "झालं का तुझं, माझा शेवटचा भाग चाललाय." काढली केबल.

उद्या दहाला क्लायंटला रिपोर्ट द्यायचाय. फाइल अजून उघडलेली नाही.