ऐकीव भीतीची चार मिनिटं

जोगेश्वरी पूर्वेला वाढलेल्या माझ्या पिढीने १९९२-९३ची मुंबईतली हिंदू-मुसलमान दंगल पाहिलेली नाही. तरी रात्री कुठल्या गल्लीतून यायचं नाही, कुणाच्या घरचं खायचं नाही, हे आम्हाला शाळेत जायच्या आधीपासून पाठ. हे असं वारशाने कसं येतं, यावर मला चार मिनिटांची अ‍ॅनिमेशन फिल्म करायची होती. चेहरा दिसणार म्हटलं की माणसं जपून बोलतात. चित्रात चेहरा झाकला जातो आणि आवाज तेवढा खरा राहतो, म्हणून अ‍ॅनिमेशन.

आधी आवाज गोळा केले. ‘त्यांच्याबद्दल काय वाटतं?’ असं विचारलं की सगळेच म्हणतात, ‘आमचं काही नाही गं.’ म्हणून मी एवढंच विचारायचे, लहानपणी काय करू नकोस म्हणून सांगितलं होतं आणि कुणी? मग मात्र बायका भडाभडा बोलल्या. आत्या म्हणाली, ‘त्यांच्याकडे चहा घ्यायचा नाही, थुंकून देतात.’ तिला हे तिच्या आईने सांगितलं होतं, आणि आईने जन्मात कुणा मुसलमानाच्या घरी पाऊल टाकलं नव्हतं. माझ्या मैत्रिणीची खाला, म्हणजे मावशी, दंगलीनंतर मुंब्र्याला राहायला गेली. तिने मुलांना शिकवलं होतं, ‘ट्रेनमध्ये अम्मी नाही, मम्मी म्हणायचं.’

दोन्ही वाक्यं शेजारी ठेवून ‘बघा, दोघं सारखेच’ असं दाखवणं सोपं होतं, आणि मला ते सपशेल खोटं वाटतं. या दंगलीची चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालात मृतांचा आकडा ९०० आहे. त्यात ५७५ मुसलमान, २७५ हिंदू, ५ इतर आणि ४५ जणांची ओळखच पटली नाही. आमच्याच जोगेश्वरीत राधाबाई चाळीत हिंदू माणसं जाळली गेली, तेही फिल्मबाहेर ठेवायचं नव्हतं. पण सोसून आलेली भीती आणि ऐकून आलेली किळस एका तागडीत कशी तोलणार? म्हणून खालाचं वाक्य एकदाच येतं, तिच्या स्वतःच्या आठवणीसह. आत्याचं वाक्य मात्र तीन पिढ्यांच्या आवाजात येतं आणि एक शब्दही बदलत नाही.

चित्रांत खरी कसोटी होती. दाढी, टोपी, बुरखा, कुंकू रेखाटलं की दोन सेकंदांत ओळख पटते, पण मुलांना घाबरायला शिकवतात ते याच खुणांवरून. तेव्हा माणसांना खुणा द्यायच्याच नाहीत असं ठरवलं. रेखाटला तो कप. बिनकानाचा, कडेचा टवका उडालेला, मोरीजवळच्या फळीवर घरच्या कपांपासून हातभर लांब उपडा घातलेला. दाराशी कुणी ‘तसलं’ आलं की तोच खाली उतरतो. कप धरणारा हात सुरकुतलेला असतो, मग मधल्या वयाचा होतो, शेवटी लहान मुलीचा, आणि हे सगळं मधे कुठेही कट न घेता. हात मुलीचा झाला तरी कप धरायची पद्धत आजीचीच राहते. कॅमेऱ्याने हे जमलं नसतं.

काम क्रिटा या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये केलं, ते फुकट मिळतं. सेकंदाला २४ फ्रेम, एक चित्र दोन फ्रेमसाठी, म्हणजे चार मिनिटांना २,८८० चित्रं. खोली स्थिर ठेवली, हलतात ते हात आणि वाफ. तोंडं दाखवायचीच नव्हती, त्यामुळे लिप-सिंक, म्हणजे आवाजाबरहुकूम ओठ हलवणं, वाचलं.

आवाज दिलेल्या प्रत्येकीला फिल्म आधी दाखवायची, हे ठरलेलं होतं. आत्या बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘माझा आवाज असू दे. फक्त माझ्या आईला कुणी वाईट म्हणू नये, तिलाही कुणीतरी सांगितलंच असेल ना.’ खालाने तिचा आवाज फिल्ममधून काढून टाकायला लावला, कारण तिच्या मुलाची नोकरी नवी आहे. ते वाक्य आता माझ्या मैत्रिणीने म्हटलंय. सध्या मराठी आणि उर्दू सबटायटल लावतेय. आमच्या भागातल्या दोन शाळांकडे विचारणा केली आहे, एकीने नववीच्या वर्गाला दाखवायचं कबूल केलंय.