नाव घालून मिळेल

पूर्वी भांड्यांच्या दुकानाच्या दारात एक माणूस हमखास बसलेला असायचा. हातात वायरीचं छोटं यंत्र, त्याची करकर, आणि स्टीलच्या डब्याच्या काठावर ठिपक्याठिपक्यांनी उमटत जाणारं ‘सप्रेम भेट’. आमच्या घरी तसं एक पातेलं अजून आहे, त्यावर आत्याच्या लग्नाची तारीख आहे. आत्या आजी झाली, पातेल्याला पोचे आले, तारीख शाबूत आहे.

लाकडाच्या वस्तूवर मात्र कुणी नाव घालून मागत नसे. आमचा धंदा पाट, चौरंग, पोळपाट-लाटणी आणि देव्हाऱ्यांचा. सावंतवाडी म्हटलं की लोकांना चितारआळीतली लाकडी फळं आणि रंगीत खेळणी आठवतात. ती आमची नव्हेत. तो चितारी मंडळींचा हात, त्यांचं लाकूड पांगाऱ्यासारखं हलकं आणि खरी कला रंगाची. आम्ही सुतार. आमच्याकडे फणस, शिवण, आंबा, थोडा साग, आणि रंग नाहीच. फार तर तेलाचा हात.

नाव घालायची सुरुवात एका गणपतीत झाली. मुंबईहून आलेल्या एका चाकरमान्याला गणपती बसवायच्या पाटावर आजोबांचं नाव हवं होतं. आमच्या मेस्त्रींनी पटाशीने ते कोरलं. अर्धा दिवस गेला. त्या कामाचे वेगळे पैसे मागायला बाबांना संकोच वाटला, म्हणाले, “नावाचे काय पैसे घ्यायचे!” पुढच्या वर्षी तसेच पाट मागायला सात घरं आली. सात घरांची नावं कोरता कोरता मेस्त्रींचे कित्येक दिवस गेले आणि ऐन चतुर्थीच्या तोंडावर साधे पाट कमी पडले. तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की नावाचे पैसे घेतलेच पाहिजेत, आणि नाव घालायला दुसरी काही तरी सोय पाहिजे.

२०१७ मध्ये मुद्रा योजनेतून ‘किशोर’ या मधल्या गटाचं कर्ज काढून ८० वॅटचं सीओटू लेझर मशीन घेतलं. काचेच्या लांब नळीत कार्बन डायऑक्साइड, नायट्रोजन आणि हेलियम यांचं मिश्रण, त्यातून विजेचा मोठा दाब, आणि पलीकडे १०.६ मायक्रॉन तरंगलांबीचा, डोळ्यांना न दिसणारा किरण. तीन आरशांवरून वळत तो भिंगात येतो आणि भिंगाखाली लाकूड जळतं. मशीनमध्ये याहून जास्त काही नाही. मेस्त्रींनी पहिला नमुना हातात घेतला, अंगठा फिरवला, अंगठ्याला काळं लागलं. म्हणाले, “ह्यां कोरलेलां न्हय, ह्यां भाजलेलां.” त्यांचं बरोबरच होतं. पटाशीचं अक्षर खोबणीसारखं उतरतं, दोन्ही बाजू तिरक्या, सकाळच्या तिरप्या उन्हात एक बाजू उजळते आणि एक सावलीत जाते. लेझरच्या अक्षराचा तळ सपाट असतो आणि ते काळेपणामुळे दिसतं. सावली त्याला नसतेच.

पहिली मोठी ऑर्डर रुखवताची होती. पोळपाट, लाटणं, चकलीचा सोऱ्या, मसाल्याचा डबा, सगळ्यांवर नवरा-नवरीचं नाव. मी हौसेने पोळपाटाच्या बरोबर मधोमध, वरच्याच अंगाला, वेलबुट्टीत नावं घातली. फोटो झकास आला. एक पोळपाट घरी आणला होता, आईने त्यावर पोळी लाटली आणि मला हाक मारली. अक्षरांत कणीक बसली होती आणि पोळीवर नावं उठली होती, उलटी, आरशात दिसावी तशी. तव्यावर टाकल्यावर तेवढाच भाग कच्चा राहिला. तेव्हापासून पोळपाटाचं नाव खालच्या अंगाला किंवा कडेला, आणि लाटण्याचं मुठीवर. आजही काही लोक हट्टाने मधोमध मागतात. त्यांना मी विचारतो, पोळ्या लाटणार की भिंतीला लावणार? भिंतीला लावणार असतील तर मधोमध.

लाकडाचं शिकायला दोन वर्षं गेली. मशीनच्या पुस्तकात ‘लाकूड’ म्हणून एकच रकाना असतो. पण सागात वर्तुळांचा मऊ आणि टणक भाग आलटून पालटून येतो. मऊ भाग खोल जळतो, टणक जागीच राहतो, आणि अक्षर पट्ट्यापट्ट्यांचं दिसतं. शिसवीवर घातलेलं नाव शोधावं लागतं, कारण काळ्यावर काळं. शिवण सर्वांत गुणी, फिकट आणि एकसारखी. फणसाने मात्र फसवलं. नवा फणस हळदीसारखा पिवळा, त्यावर अक्षर इतकं ठसठशीत येतं की गिऱ्हाईक दुकानातच खूश. पण फणस उजेडाने तांबूस होत जातो, मग तपकिरी. दारावरची पाटी दोन-तीन वर्षांत इतकी गडद होते की नाव लाकडात बुडतं. आता फणसाची पाटी घेणाऱ्याला मी आधी दुकानातली आमचीच जुनी पाटी दाखवतो. त्यातले निम्मे तरी शिवणीवर येतात.

धुराचे डाग हा वेगळा ताप. अक्षरांभोवती तपकिरी धूर बसतो आणि तो लाकडाच्या रंध्रांत मुरतो. त्यावर इलाज म्हणजे आधी कागदी मास्किंग टेप सगळीकडे चिकटवायची, तिच्यावरूनच नाव घालायचं आणि मग टेप सोलायची. जोडाक्षरांच्या पोटातले टेपचे बारीक कपटे सुईने काढायचं काम वहिनीकडे आहे. तिच्या मते आमच्या धंद्यात खरं कोरीवकाम तेवढंच.

आणि अक्षरं! मशीन विकणाऱ्याने डेमो दिला तो इंग्रजीत. मराठीत पहिलं नाव घातलं तर काना-मात्रा जिथे शिरोरेघेवर चढते तिथे बरोबर पांढरे ठिपके राहिले. दोन आकार एकमेकांवर आले की सॉफ्टवेअर तो सामाईक भाग पोकळ धरतं, म्हणून प्रत्येक नाव कोरलड्रॉ या आखणीच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘वेल्ड’ करून एकसंध करावं लागतं. हे शोधून काढायला आठ दिवस आणि एक अख्खी फळी खर्ची पडली. लग्नपत्रिकेवरचंच अक्षर हवं म्हणून लोक प्रेसमधली फाइल आणतात. ती जुन्या फाँटातली असते आणि आमच्या कॉम्प्युटरवर उघडली की इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. ‘ज्योत्स्ना’ हे नाव ज्याने ठेवलं त्याला लेझर ठाऊक नव्हता. अर्ध्या फाँटांमध्ये तिचा पाय मोडतो आणि मधोमध हलन्त उघडा पडतो. ‘ऱ्य’ आणि ‘र्य’ यांत तर पदवीधरसुद्धा गोंधळतात. एका निवृत्त गुरुजींनी घराची पाटी परत पाठवली, कारण ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे आले होते. मला आधी राग आला. मग त्यांनी राज्य शासनाचा २००९ चा निर्णय समोर ठेवला. मराठीत ‘ल’ पाकळीचा आणि ‘श’ देठाचा. पाटी पुन्हा केली, पैसे घेतले नाहीत, आणि तो फाँटच काढून टाकला.

पहिल्याच पावसाळ्यात नळी गेली. ती थंड राहावी म्हणून चिलरचं पाणी फिरत असतं आणि मी ते १८ अंशांवर ठेवलं होतं, जितकं थंड तितकं चांगलं असं समजून. जुलैमधली आमच्याकडची हवा म्हणजे ओला पंचा. थंड काचेवर दव धरलं, ते विजेच्या टोकापर्यंत ओघळलं, आणि एक निळी ठिणगी बाहेरच्या पत्र्यावर उडी मारून गेली. नळी मेली. पुरवठादार म्हणाला, पाणी तुम्ही थंड केलंत, वॉरंटी नाही. तीस हजारांचा फटका बसला. आता पावसात पाणी २६ अंशांवर असतं आणि नळीच्या पेटीत साठ वॅटचा जुना पिवळा बल्ब रात्रभर जळतो. आगीचं भय त्याहून मोठं. मशीन चालू असताना खोली सोडायची नाही, बाजूला ओलं गोणपाट आणि आग विझवायचं सिलिंडर. कुणी रेक्झिनची पाकिटं आणली तर हात जोडायचे. त्यातलं पीव्हीसी जळलं की क्लोरीनयुक्त जहरी धूर होतो, माणसाच्या छातीत जातो आणि मशीनचे रूळही खातो.

हे सगळं शिकता येतं. धंदा बदलला तो दुसऱ्याच एका गोष्टीने, आणि ती मला कुणी आधी सांगितली नव्हती. पूर्वी माळ्यावर दोनशे पोळपाट पडलेले असायचे. आज नाही गेले तर शिमग्याला जातील, नाही तर चतुर्थीला. पोळपाटाला कुणीही गिऱ्हाईक चालायचं. त्यावर नाव पडलं की त्याला जगात एकच गिऱ्हाईक उरतं. तो माणूस नाही म्हणाला तर ती वस्तू कुणाचीच नाही. एका लग्नात मुलीकडच्यांनी ‘स्वप्निल’ लिहून पाठवलं, आम्ही तेच घातलं, आणि आदल्या रात्री मुलाच्या मावशीच्या लक्षात आलं की मुलगा ‘स्वप्नील’ आहे. फोनवर दोन्ही घरं माझ्याशी बोलत होती, एकमेकांशी नव्हती. रात्री दीडपर्यंत मशीन चालवलं. मध्ये एकदा लाईट गेली आणि परत आल्यावर मशीनचं डोकं केसभर सरकलेलं, म्हणून एक मसाल्याचा डबा वेगळाच वाया गेला.

त्यानंतर नियम केले. नाव टाइप करून पाठवायचं, फोनवर सांगायचं नाही. आम्ही कागदावर काढून फोटो पाठवतो, त्याखाली ‘बरोबर’ असं उत्तर आल्याशिवाय मशीन सुरू होत नाही. पैसे पूर्ण आगाऊ. बाबांना हे आगाऊ घेणं अजून रुचत नाही. त्यांच्या पिढीत माल दाखवून पैसे घ्यायचे. पण हा नियम पक्का होण्याआधी, २०२० च्या लॉकडाऊनमध्ये, तारखा घातलेले चौदा संच तयार होते आणि चौदाही लग्नांच्या तारखा पुढे गेल्या. ज्यांनी आगाऊ दिले होते त्यांना आम्ही नवी तारीख फुकट घालून दिली. ज्यांचे पैसे यायचे होते त्यांतल्या निम्म्यांनी फोनच उचलला नाही.

एका संचाचं तर लग्नच मोडलं. मुलीच्या वडिलांचा दोन शब्दांचा निरोप आला, “राहू दे.” पैसे पूर्ण मिळाले होते. संच माळ्यावर गेला. दिवाळीच्या साफसफाईत मेस्त्रींनी तो खाली काढला, लाटण्याची मूठ कापून काढली आणि पोळपाटाच्या पाठीवर रंधा मारला. लेझरचं काम अर्धा मिलिमीटरही खोल नसतं, चार-पाच हातांत दोन्ही नावं भुश्यात गेली. पोळपाट जरा पातळ झाला, म्हणून वीस रुपये कमी घेऊन विकला.

सर्वांत महाग चूक फणसाची. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आलं, कित्येकांच्या परसातले आंबे-फणस आडवे झाले. एका घरचा आजोबांनी लावलेला फणस पडला. त्याच्याच पाटावर यंदा गणपती बसवायचा असं त्यांनी ठरवलं. चतुर्थी १० सप्टेंबरला, म्हणजे हातात चार महिनेही नाहीत, आणि तेही पावसाचे. इंचभर जाडीची फळी सावलीत नीट सुकायला वर्ष लागतं, हे मला माहीत होतं. मेस्त्रींनी फळी ठोकून आवाज ऐकला आणि मान हलवली. तरी मी घेतलं. समोरच्या माणसाच्या डोळ्यांत पाणी होतं आणि आमच्याकडे त्या दोन वर्षांत काम नव्हतं, दोन्ही कारणं खरी. ओल्या लाकडावर लेझर नीट जळेना. उष्णता पाणी उडवण्यातच जाते, अक्षर फिकट तांबडं उमटतं. तीनदा फिरवून नाव घातलं. पाट गेला, गणपती बसले, फोटो आला. नाताळच्या सुमारास दुसरा फोटो आला. पाट आजोबांच्या नावातूनच उभा चिरला होता.

पैसे परत करतो म्हटलं, त्यांनी घेतले नाहीत. त्याच झाडाच्या उरलेल्या चार फळ्या आमच्या पडवीत पट्ट्यांवर रचून ठेवल्या, टोकांना मेण लावून. पावणेदोन वर्षांनी, २०२३ च्या चतुर्थीला, त्यातून नवा पाट झाला. यावर लेझरने फक्त अक्षरांच्या रेषा आखून घेतल्या, मग मेस्त्रींनी पटाशीने खोबणी उतरवली. मोठ्या पाट्या आणि पाट आम्ही आता असेच करतो. फणस कितीही काळवंडला तरी खोबणीतली सावली राहते. वेळ पूर्वीच्या निम्म्याने लागतो आणि पैसे दुप्पट घेतो. बाबा हिशेबाच्या वहीत ‘नाव’ असा वेगळा रकाना आता स्वतःच आखतात.

यंदा मशीनची तिसरी नळी बसवली आहे. मे महिन्यातल्या लग्नांची नावं मार्चअखेरपर्यंत पाठवावीत. मुलाचं नाव मुलाकडून आणि मुलीचं मुलीकडून, टाइप करून. ज्योत्स्नांनी आठ दिवस आधी पाठवलं तर बरं पडेल.