सिमडेग्याहून आलेलं पान

ट्रॉलरवरचा खलाशी गेला की पोलिसांच्या आधी मालकाचा मुनीम पोचतो. पाकिटात पन्नासेक हजार रुपये, एक स्टॅम्पपेपर आणि शाईचं पॅड. 'आमची काही तक्रार नाही' असं त्या कागदावर आधीच टाइप केलेलं असतं. मडगावला कामगारांचे दावे चालवताना हा कागद मी इतक्यांदा पाहिलाय की त्यातल्या शुद्धलेखनाच्या चुकाही मला पाठ आहेत.

त्या दिवशी सकाळी चर्चच्या सिस्टरांचा फोन आला तेव्हा मुनीम इस्पितळाच्या शवागाराबाहेर बसलेला होता. "वकीलबाय, पोराचा भाऊ अंगठा द्यायला तयार झालाय. लवकर या."

गोव्यात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी असते. बंदी उठायच्या सुमाराला झारखंड, ओडिशा, छत्तीसगडची पोरं रेल्वेने उतरतात आणि साळ नदीवरच्या कुटबण जेटीवर बोटींत चढतात. तिथेच काम, तिथेच झोप. हा पोरगा झारखंडातल्या सिमडेगा जिल्ह्यातला. रात्री जाळं ओढताना दोरात पाय अडकून पाण्यात गेला आणि दोन दिवसांनी सापडला. प्रेत गावी नेण्याच्या अवस्थेत नव्हतं.

मी भावाला बाजूला घेतलं आणि हिंदीत सांगितलं की मृत्यूची भरपाई मालकाने परस्पर हातात दिली तर ती दिली असं कायदा धरतच नाही. तेव्हा १९२३चा कर्मचारी नुकसानभरपाई कायदा लागू होता. त्यात रक्कम सरकारी नुकसानभरपाई आयुक्तांकडेच भरावी लागायची, आणि हक्क सोडल्याचा कागद लिहून घेतला तरी तो रद्दबातल. मुनीमाला हे माझ्याइतकंच ठाऊक होतं. त्याने पॅड खिशात घातलं, पण उठला नाही.

अडचण पुढची होती. आधारकार्डावर वय तीस, जन्मतारीख १ जानेवारी, म्हणजे अंदाजपंचे टाकलेली. भाऊ सांगत होता पंचवीस. भरपाई मोजताना मासिक पगाराच्या निम्म्याला वयाच्या गुणकाने गुणतात. पंचविसाव्या वर्षाचा गुणक २१६.९१, तिसाव्याचा २०७.९८. हा फरक फार मोठा नाही. खरा प्रश्न बायकोचा होता. लग्न चर्चमध्ये झालेलं, सरकारदरबारी नोंद नाही, रेशनकार्डावर अजून माहेरचंच नाव. उद्या मालकाचा वकील विचारणार, ही बाई कोण?

"चर्च कुठलं?" मी विचारलं. भाऊ म्हणाला, "गोस्सनर. लुथरन." म्हणजे तिकडचं एक प्रोटेस्टंट चर्च.

सिस्टर कॅथलिक. त्यांनी त्यांच्या फादरांना बोलावलं, फादरांनी वास्कोहून पाळकसाहेबांना. पाळकसाहेब चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचे, म्हणजे प्रोटेस्टंटच, मूळचे नगरकडचे, माझ्याशी अस्सल देशावरच्या मराठीत बोलणारे. आणि जेटीजवळच्या भाड्याच्या खोलीत दर रविवारी हिंदीत प्रार्थना घेणारा तरुण पास्टर तर न बोलावताच आला होता, कारण मेलेला पोरगा त्याच्याकडे यायचा. गोव्यात ज्यांना बिलीव्हर्स म्हणतात, म्हणजे स्वतंत्र प्रार्थनासभा भरवणारे नवे ख्रिस्ती पंथ, त्यांच्यातला. कॅथलिक घरांतली माणसं तिकडे गेल्यामुळे गावोगाव किती कडवटपणा आहे हे इथल्या कुणालाही सांगायला नको. फादर आणि पास्टर एकाच बाकाच्या दोन टोकांना बसले.

जानेवारीत १८ ते २५ तारखांना ख्रिस्ती ऐक्यासाठी प्रार्थनेचा आठवडा असतो. मी फोंड्याची, हिंदू. एकदा आमंत्रण होतं म्हणून गेले होते. वेगवेगळ्या झग्यांतली मंडळी ओळीने उभी राहिली, फोटो निघाले, चहा झाला. त्या बाकावर तसलं काही नव्हतं, आणि काम मात्र होत होतं. पाळकसाहेबांनी रांचीला आपल्या चर्चच्या धर्मप्रांताच्या कचेरीत फोन लावला, तिथून तो लुथरनांकडे गेला, आणि लुथरनांनी सिमडेग्यातल्या गावच्या पाद्रीला उठवलं. पास्टरने तोवर तांडेलाला, म्हणजे बोटीच्या म्होरक्याला, गाठून मालक महिना बारा हजार देतो हे वदवून घेतलं. मालक आठ सांगत होता.

दुपारी माझ्या फोनवर नोंदवहीच्या दोन पानांचे फोटो आले. एक बाप्तिस्म्याचं, एक लग्नाचं. निळी शाई, वराचं नाव, वधूचं नाव, दोघांचे बाप, साक्षीदार. वय पंचवीसच निघालं. फोटोवर कोर्ट भागत नाही, म्हणून शिक्क्यानिशी नक्कल पोस्टाने पाठवा असं मी लगेच कळवलं.

मग दफन. घरच्यांनी व्हिडिओ कॉलवर सांगितलं, जाळू नका. फादर आपल्या चर्चच्या दफनभूमीत जागा द्यायला तयार, पण चर्चचा कारभार बघणाऱ्या फॅब्रिका समितीतले एक गृहस्थ अडून बसले. आज लुथरन, उद्या बिलीव्हर्सही मागतील. मला राग आला आणि आश्चर्य वाटलं नाही. ज्या चर्चमध्ये न्यायावर उत्तम प्रवचनं होतात, तिथेच कोन्फ्रारियाचे, म्हणजे चर्चमधल्या मानाच्या मंडळांचे, मान कुठल्या घराण्याचे यावरून भांडणंही होतात. देवळांच्या वंशपरंपरेच्या महाजनकीत वाढलेल्या मी त्यावर काय बोलावं?

फादरांनी कॅनन कायद्यातलं, म्हणजे कॅथलिक चर्चच्या स्वतःच्या कायद्यातलं, ११८३ वं कलम काढलं. कॅथलिक नसलेल्या बाप्तिस्मा झालेल्या माणसाचा अंत्यविधी बिशपांच्या संमतीने चर्चला करता येतो, मात्र त्याचा स्वतःचा पाळक उपलब्ध नसेल तर. पणजीला आल्तिन्होवरच्या बिशप हाऊसमध्ये फोन झाला, संमती आली. त्यावर पाळकसाहेब शांतपणे म्हणाले, "पण मी आहे ना उपलब्ध." वकील म्हणून मला हा मुद्दा फार आवडला. फादरांनाही आवडला असावा. जागा कॅथलिकांची, उपासना पाळकसाहेबांची, असं ठरलं. पास्टरच्या पोरांनी सादरीत, त्यांच्या मुलखाच्या बोलीत, गाणं म्हटलं, तेव्हा फादर मागे उभे होते.

गाडीत येताना दोघांची जुंपली. फादर मला फादर लिव्हन्सविषयी सांगत होते: १८८५ साली छोटानागपुरात, रांचीच्या मुलखात, गेलेला बेल्जियन जेझुइट, जमीनदारांविरुद्ध आदिवासींना कोर्टात उभं करणारा. पाळकसाहेब मध्येच म्हणाले, "गोस्सनरवाले १८४५ला रांचीत पोचले होते, फादर. तुमच्या चाळीस वर्षं आधी." फादर म्हणाले, "पोचले असतील. खटले कोणी चालवले?" मडगाव येईपर्यंत हे चालू होतं.

दावा मी महिन्याच्या आत दाखल केला. मालकाने आधी पोरगा आपल्याकडे कामाला नव्हताच म्हणून सांगितलं. हजेरीपट नव्हता, त्यामुळे ते खपलंही असतं. तांडेलाने साक्ष दिली आणि पुढच्या मोसमात त्याला त्या जेटीवर कोणी बोटीवर घेतलं नाही. पास्टरने त्याला मालिमच्या जेटीवर चिकटवून दिलं. नोंदवहीची नक्कल मान्य झाली, बायको वारस ठरली, तेरा लाख एक हजार चारशे साठ रुपये आणि त्यावर वर्षाला बारा टक्के व्याज असा हुकूम झाला. मालक हायकोर्टात गेलाय. अपील करायला त्या कायद्याने आधी हुकुमाची रक्कम आयुक्तांकडे जमा करावी लागत होती, ती त्याने मुकाट भरली.

अंत्यविधीचा खर्चही कायद्याने मागता येतो, त्याला पावती लागते. ती मला फॅब्रिकातल्या त्याच अडून बसलेल्या गृहस्थांनी दिली, कारण खजिनदार तेच होते. पावतीवर त्यांनी मृताचं नाव बरोबर लिहिलं होतं आणि रक्कम निम्मी लावली होती. मी म्हटलं, पूर्ण लावा, मालकाकडून वसूल करायची आहे. त्यांनी ती फाडून दुसरी लिहून दिली.