नाम घ्यावं की श्वास बघावा?

"तुम्ही जपही करता, इगतपुरीलाही जाऊन आलात. मग मन शांत व्हायला श्वास बघावा की नाम घ्यावं?" कट्ट्यावर, पंगतीत, फोनवर हा प्रश्न मला हमखास येतो. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो.

इगतपुरीच्या धम्मगिरी या विपश्यना केंद्रात 10 दिवसांच्या शिबिरात सुरुवातीला आनापान असतं. श्वास जसा येतो-जातो तसा नाकपुड्यांपाशी फक्त जाणायचा. लांबवायचा नाही, त्याला कुठलं नाम जोडायचं नाही. तिथल्या मौनात ते साधतं. घरी कुकरच्या शिट्ट्यांत माझ्यासारख्या चंचल माणसाला नुसता श्वास धरवत नाही. मनाला काहीतरी काम द्यावंच लागतं.

म्हणून मी नामाकडे वळलो. आजी गोंदवलेकर महाराजांच्या गोंदवल्याची, त्यामुळे घरात 'श्रीराम जय राम जय जय राम' लहानपणापासून कानावर. मी श्वास गुपचूप आत घेतो आणि सोडताना ही तेरा अक्षरं हलक्या आवाजात सावकाश म्हणतो, शेवटचा 'म' ओठ मिटून जरा लांबवतो. अक्षरं संपेपर्यंत श्वास पुरवावा लागतो, त्यामुळे उच्छ्वास आपोआप लांबतो. मेख इथेच आहे. श्वास सोडताना मेंदूकडून हृदयाकडे जाणाऱ्या व्हेगस मज्जातंतूमुळे हृदयाचे ठोके मंदावतात. एरवी आपण मिनिटाला 12 ते 20 श्वास घेतो. या चालीने ते 6 च्या आसपास येतात. इटलीतल्या बर्नार्डी आणि सहकाऱ्यांनी 23 जणांना लॅटिनमधली 'आवे मारिया' ही ख्रिस्ती प्रार्थना आणि 'ओम मणि पद्मे'चा बौद्ध मंत्र म्हणायला लावला होता. 2001 साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आलेल्या त्या अभ्यासात दोन्हींनी श्वास मिनिटाला साधारण 6 वरच आला. तेव्हा रामाऐवजी विठ्ठल म्हणालात तरी बिघडत नाही. (आजीला हे पटलं नसतं.)

मन भटकतंच. जप चालू असताना मला गॅसचा नंबर लावायचा राहिल्याचं आठवतं. आठवू दे, पुढचा श्वास आत आला की पुन्हा 'श्रीराम'. माळेचं मात्र जपून. 108 मणी उरकायच्या घाईत नाम भरभर सुटतं आणि श्वास पुन्हा आखूड होतो. त्यापेक्षा माळ खुंटीला राहू दे. मनातल्या मनात म्हणताना उच्छ्वास लांबेलच असं नाही, म्हणून सुरुवातीला ओठ हलवाच. श्वास कोंडून धरायच्या भानगडीत पडू नका. दम्याचा त्रास असेल, छातीत धडधडत असेल, तर तेरा अक्षरांचा हट्ट नको. एका उच्छ्वासात 'राम कृष्ण हरी' पुरे.