नकाशाची मागची बाजू

जुने नकाशे आणि दुर्मिळ छापील कागद तपासायचे, त्यांची नोंद करायची, हे माझं रोजचं काम. फ्रेममधला नकाशा कोणी घेऊन आलं की मी आधी एकच विचारते, फ्रेम उघडू का? बरेच जण कचरतात. त्या दिवशी आलेले काकाही कचरले, वीसेक वर्षं तो नकाशा त्यांच्या टेबलासमोरच्या भिंतीवर होता आणि एकदाही फ्रेमबाहेर निघाला नव्हता. आता पुढच्या पिढीकडे द्यायचा म्हणून एकदा तपासून घ्यायला आले होते.

आइसलँडचा नकाशा. अब्राहम ऑर्टेलियस या सोळाव्या शतकातल्या नकाशाकाराच्या ॲटलासमधला, छपाईच्या प्लेटवर कोरलेलं साल १५८५, ॲटलासमध्ये पहिल्यांदा आला १५९० मध्ये. मला विचाराल तर त्या काळातला सगळ्यात जिवंत नकाशा हाच! आग ओकणारा हेक्ला ज्वालामुखी, बर्फाच्या लाद्यांवर चढलेली अस्वलं, आणि चहूबाजूंच्या समुद्रात एकाहून एक भयंकर मासे, प्रत्येकाशेजारी एकेक अक्षर.

मागची चिकटपट्टी सोडवली, पुठ्ठा काढला आणि नकाशा हळूच टेबलावर घेतला. आधी कडेवरून बोट फिरवलं. तांब्याची प्लेट ओल्या कागदावर दाबून छापतात ना, तिच्या कडांचा खोलगट ठसा चारही बाजूंनी नीट लागत होता. भिंगाखाली रेघा सलग आणि किंचित उठलेल्या, आजच्या छपाईतले ठिपके कुठेच नाहीत. उजेडासमोर धरल्यावर हातकागदाच्या जाळीच्या रेषा दिसल्या, हिरवा रंग मागच्या बाजूला तपकिरी होऊन उतरला होता, म्हणजे जुना तांब्याचा हिरवा, आणि जिथे तो रंग असतो तिथे कागद ठिसूळ होतो म्हणून तिथे बोट लावायचं नाही. एवढं बघून झाल्यावर काकांना म्हटलं, अस्सल आहे. त्यांनी डोळे मिटून घेतले.

मग मी नकाशा पालथा केला. मागे लॅटिन मजकूर. काका एकदम पुढे वाकले, "मागेही छापलंय?" म्हटलं, काका, समुद्रातल्या त्या अक्षरांची उत्तरं इथे आहेत. ए म्हणजे नाहवाल, हा मासा खाल्ला की माणूस जागीच मरतो, याच्या डोक्याला सात हात लांब दात असतो आणि तो युनिकॉर्नचं शिंग म्हणून विकतात. वीस वर्षं ती अक्षरं रोज बघत होते ते, त्यांना वाटायचं छापणाऱ्याच्या खुणा असतील.

वाचता वाचता माझं बोट मजकुराखालच्या कोऱ्या जागेवर थांबलं. तिथे कागद मऊ लागला, लव आल्यासारखा. परत उजेडासमोर धरला तर तेवढाच तुकडा जास्त उजळ, म्हणजे कोणीतरी खरवडून पातळ केलेला. खोलीतला दिवा बंद करून यूव्ही टॉर्च मारला आणि लंबगोल शिक्क्याचा अर्धा घेर उमटला, आत एका लायब्ररीच्या नावाची पाच-सहा अक्षरं. मधल्या घडीवर मागून एक कागदी पट्टी चिकटवलेली असते, ॲटलासमध्ये पान त्या पट्टीवर शिवलेलं असतं, तर ती पट्टी ब्लेडने कापलेली होती आणि खालच्या टोकाला ब्लेड घसरून एक छोटी पायरी झाली होती.

शिक्का दिसला म्हणजे चोरीच असं नाही, लायब्रऱ्या जादा प्रती रीतसर काढूनही टाकतात, पण त्यावर तसा शिक्का मारतात, असलेला खरवडत नाहीत. २००५ साली येल विद्यापीठाच्या बायनेकी लायब्ररीत जमिनीवर पडलेल्या एका ब्लेडमुळे एक नकाशा डीलर पकडला गेला, त्याने पुढे ९७ नकाशे चोरल्याचं कबूल केलं. आमच्या कामातल्या प्रत्येकाला ही केस पाठ आहे आणि तरी समोर बसलेल्या माणसाला हे सांगायची वेळ आली की तोंड कोरडं पडतं. काकांकडे खरेदीची पावती होती, विकणारा हयात नव्हता, त्यांनी काहीच चूक केली नव्हती. मी सगळं सरळ सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, "त्यांना कळवा. आत्ताच, माझ्यासमोर."

लायब्ररीला ईमेल केला, फोटो जोडले. संध्याकाळच्या आत उत्तर आलं, सोबत एक फोटो होता. उघडा ॲटलास, दोन पानांच्या मध्ये पट्टीचा उरलेला तुकडा उभा, आणि त्याच्या खालच्या टोकाला तीच पायरी, उलट बाजूने. मी आमचा फोटो स्क्रीनवर त्याला लावून बघितला. केसाचीही फट राहिली नाही.

काका तोवर थांबले होते. मी ॲसिडविरहित कागद कापून आणला, पण त्यांनी हात आडवा धरला. म्हणाले, "बांधायच्या आधी बाकीची अक्षरंही वाचून दाखवा." मग आम्ही नकाशा सुलटा-पालथा करत बसलो, ते समुद्रातल्या माशावर बोट न टेकवता अक्षर सांगायचे आणि मी मागचं वाचून अर्थ सांगायचे, आणि ते वहीत लिहून घेत होते.